जुन्या मोटारसायकलचे गिअर नीट पडत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीडी-१००, स्प्लेंडर, पहिल्या पिढीतली पल्सर, आरएक्स-१००, उजव्या पायाने गिअर टाकायची जुनी बुलेट, येझदी अशा गाड्या अजून रोज चालवणाऱ्यांकडून गिअरबद्दल तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग गॅरेजात डोकं खाणारे. ज्याचं उत्तर दुसरीकडे सविस्तर दिलंय तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. "गिअरबॉक्स गेला" म्हणून ज्या गाड्या गॅरेजात येतात, त्यातल्या बहुतेकींचा गिअरबॉक्स धडधाकट असतो. दोष लिव्हरमध्ये, क्लच वायरमध्ये, ऑइलमध्ये नाहीतर चेनमध्ये निघतो. तपासणी बाहेरून आत करत जायची आणि इंजिन उघडायचं ते सगळ्यात शेवटी. पहिल्याच भेटीत "इंजिन उतरवावं लागेल" म्हणणाऱ्या मेस्त्रीला नमस्कार करून दुसरं गॅरेज बघा.

१. गिअर टाकतो तेव्हा आत नेमकं काय होतं?

पायाने लिव्हर दाबला की त्याचा शाफ्ट इंजिनात थोडासा फिरतो. शाफ्टला लागलेला आकडा (हुक) खाचांचा एक ड्रम एक घर पुढे ढकलतो. ड्रमच्या खाचांत फोर्क बसलेले असतात, ते डावी-उजवीकडे सरकतात आणि आपल्याबरोबर गिअरचं चाक सरकवतात. गिअरचे दाते मात्र कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. गुंततात आणि सुटतात ते चाकाच्या बाजूला असलेले जाड खुंट, ज्यांना गॅरेजात "डॉग" म्हणतात. हा खुंट समोरच्या चाकातल्या खाचेत शिरायचा तर त्याच्यावरचा इंजिनाचा जोर उतरलेला हवा आणि दोन्ही चाकांच्या वेगात फार फरक नको. जोर उतरवायचं काम क्लचचं. म्हणून गिअर जड लागला की पहिला संशय क्लचवर घ्यायचा.

२. गाडी बंद असताना सगळे गिअर पडत नाहीत. बिघाड आहे का?

नाही. चाक थांबलेलं असताना खुंट खाचेसमोर नसेल तर तो आत शिरणार कसा? गाडी थोडी पुढे-मागे हलवत लिव्हर हलक्या पायाने दाबा, एकेक गिअर पडत जाईल. बंद गाडीत लिव्हरवर उभं राहून गिअर "पाडणारे" लोक फोर्क वाकवून ठेवतात.

३. सकाळी पहिला गिअर टाकला की "खट्ट" आवाज होतो आणि गाडी पुढे उडी मारते. असं का?

रात्रभर गाडी उभी राहिली की क्लच प्लेट्स मधल्या ऑइलमुळे एकमेकींना चिकटतात. क्लच दाबूनही त्या लगेच सुट्या होत नाहीत आणि पहिला गिअर पडताना चाकाला झटका बसतो. गाडी चालू करण्याआधी क्लच पूर्ण दाबून चार-पाच वेळा किक फिरवा, प्लेट्स सुटतात. मग चालू करून रेस खाली येईपर्यंत थांबा. चोक ओढलेला असताना, इंजिन ओरडत असताना गिअर टाकला तर खट्ट होणारच. स्प्लेंडर जातीच्या गाड्यांची आयडलिंग (रेस न देता इंजिन फिरायचा वेग) साधारण १४०० आरपीएमच्या आसपास असावी लागते. कार्ब्युरेटरचा स्क्रू आवळून ती वर नेऊन ठेवलेली असेल तर पहिला गिअर दिवसभर आदळत राहील.

हलका "टक्" आवाज मात्र सगळ्याच मोटारसायकली करतात. तो घालवायच्या मागे लागू नका.

४. सिग्नलला उभा राहिलो की न्यूट्रल लागत नाही. पहिल्यातून थेट दुसऱ्यात जातो.

ज्या गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात, म्हणजे पल्सरसारख्या, त्यांत न्यूट्रल पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या अर्ध्या घरात असतो. क्लच पूर्ण सुटत नसेल तर खुंटावर जोर राहतो, ते अडकून बसतात, मग तुम्ही लिव्हर जोरात उचलता आणि तो न्यूट्रल ओलांडून दुसऱ्यात जाऊन बसतो. म्हणजे मूळ तक्रार क्लचची आहे. प्रश्न ५ मधली चाचणी करा आणि प्रश्न ६ प्रमाणे वायरचा ढिलेपणा बघा.

तोवर कामचलाऊ उपाय असा: गाडी पूर्ण थांबायच्या आधी, चाक फिरत असतानाच, दुसऱ्यातून हलकेच खाली दाबून न्यूट्रल घ्या. फिरत्या चाकात खुंट सहज सुटतात.

स्प्लेंडरसारख्या गाडीत चारही गिअर पुढे दाबून पडतात आणि न्यूट्रल टोकाला असतो, म्हणून टाच मागे दाबत राहिलं की तो सापडतोच. अशा गाडीतही न्यूट्रल लागत नसेल तर क्लच चांगलाच बिघडला आहे असं समजा.

५. क्लच पूर्ण सुटतोय की नाही, हे घरी कसं तपासायचं?

गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन गरम करा, क्लच दाबून पहिला गिअर टाका आणि क्लच दाबूनच धरा. मागचं चाक हळूहळू फिरेल. तेवढं चालतं, ऑइलमुळे थोडा ओढा राहतोच. आता मागचा ब्रेक हलका दाबा. चाक निमूट थांबलं आणि इंजिन तसंच चालत राहिलं तर क्लच ठीक आहे. ब्रेक लावताच इंजिन गुदमरलं किंवा बंद पडलं तर क्लच सुटत नाही.

उलटा दोष म्हणजे क्लच घसरणं. चढावर वरच्या गिअरमध्ये रेस दिली की आवाज वाढतो, वेग वाढत नाही. हे दोन दोष लोक सर्रास एकत्र करतात. घसरणाऱ्या क्लचमुळे पिकअप जातो, गिअर सहसा जड होत नाहीत. न सुटणाऱ्या क्लचमुळे गिअर जड होतात, पिकअप ठीक असतो. मेस्त्रीला "क्लच खराब आहे" एवढंच सांगू नका, यातलं कुठलं ते सांगा.

६. क्लचच्या दांड्याला किती ढिलेपणा ठेवायचा?

बहुतेक १०० ते १५० सीसीच्या गाड्यांना दांड्याच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळा खेळ लागतो. हँडल सरळ, डावीकडे वळवलेलं आणि उजवीकडे वळवलेलं अशा तिन्ही स्थितीत मोजा. वळवल्यावर खेळ बदलत असेल तर वायर कुठेतरी चुकीच्या वाटेने ओढून नेली आहे, बहुधा टाकीखाली चिमटली आहे.

ढिलेपणा जास्त असेल तर क्लच सुटणार नाही, अजिबात नसेल तर घसरेल. मोठा फरक इंजिनाकडच्या नटावर काढायचा आणि हँडलाकडचा गोल ॲडजस्टर बारीक सुधारणेसाठी मधोमध मोकळा ठेवायचा. जुन्या गाड्यांत हा वरचा ॲडजस्टर शेवटच्या आट्यापर्यंत बाहेर आलेला दिसतो. कोणीतरी वर्षानुवर्षं तोच फिरवत आलेला असतो.

काही गाड्यांत क्लचच्या पुशरॉडला (क्लच आतून ढकलणाऱ्या सळईला) वेगळा ॲडजस्टिंग स्क्रू असतो. तिथे आधी वायर पूर्ण ढिली करून तो स्क्रू पुस्तिकेप्रमाणे बसवायचा आणि मग वायर. क्रम उलटा केला तर कितीही फिरवा, जमत नाही.

७. क्लच वायरला ऑइल घालू की सरळ बदलू?

आधी वायर हँडलाकडून सोडवा आणि शिशाची गाठ जिथे दांड्यात बसते ती जागा उजेडात बघा. तिथल्या बारीक तारांपैकी एखादी जरी तुटून उभी राहिलेली दिसली, बोटाला टोचली, तरी वायर त्याच दिवशी बदला. तुटकी तार कव्हरच्या तोंडाशी अडकते, वायर पूर्ण ओढली जात नाही आणि गिअर जड होतात. उरलेल्या तारा मग कधीतरी भर रहदारीत एकदम तुटतात.

तारा शाबूत असतील तर वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा दोऱ्याने घट्ट बांधा, त्यात पातळ ऑइल ओता आणि वायर रात्रभर टांगून ठेवा. सकाळी खालून ऑइल ठिबकलं की झालं. आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या वायरींना मात्र ऑइल नको, त्यावर धूळ धरते. ग्रीस तर कुठल्याच वायरमध्ये कोंबू नका. ते दांड्याच्या खिळीला आणि इंजिनाकडच्या आर्मच्या बुशला लावा.

कोकणात आणि एकूणच पावसाळ्यात वायर आतून गंजते, बाहेरून कव्हर नव्यासारखं दिसतं. दोन्ही टोकं सोडवून हाताने ओढून बघा. सरकताना करकर लागली की नवीन घ्या. नाव नसलेली स्वस्त वायर ताणली जाते आणि महिन्याभरात तुम्ही पुन्हा प्रश्न ६ वर याल.

८. गिअर मऊ पडण्यासाठी कोणतं ऑइल घालू?

कंपनीच्या पुस्तिकेत जो ग्रेड, म्हणजे ऑइलच्या जाडीचा क्रमांक, छापला आहे तोच. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, पल्सरला २०डब्ल्यू-५०. जुनं इंजिन म्हणून जाड ऑइल घालायची पद्धत सगळीकडे आहे, पण थंडीच्या सकाळी जाड ऑइल क्लच प्लेट्स धरून ठेवतं आणि पहिला गिअर आणखी आदळतो. इंजिन ऑइल खात असेल तर एक पायरी जाड घ्यायला हरकत नाही, मात्र त्याचा हा परिणाम माहीत असू द्या.

ग्रेडपेक्षाही डब्यावरची जासो एमए किंवा एमए२ ही खूण महत्त्वाची. फोर-स्ट्रोक गाडीत एकच ऑइल इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स तिघांना पुरवायचं असतं आणि क्लच त्यात बुडालेला असतो. अशा क्लचला चालेल असं ऑइल ओळखता यावं म्हणून जपानमध्ये १९९८ साली हे मानक आलं. एमबी लिहिलेलं ऑइल जास्त निसरडं, ते स्कूटरसाठी. कारच्या डब्यावर "रिसोर्स कन्झर्व्हिंग" असं छापलेलं असेल तर ते मोटारसायकलच्या जवळ आणू नका, क्लच घसरेल. घरी कारमधलं अर्धा लिटर उरलं म्हणून गाडीत ओतणारे दर महिन्याला भेटतात.

ऑइल किती दिवसांनी बदलायचं, याचं उत्तर पायच देतो. गिअरचे दाते ऑइलला सतत चिरडत असतात, त्याने ते पातळ होत जातं. बदलायची वेळ जवळ आली की गिअर खडखडीत लागू लागतात आणि नवीन ऑइल पडताच पहिल्या फेरीत फरक कळतो. ऑइल बदलूनही अजिबात फरक जाणवला नाही तर दोष दुसरीकडे आहे.

पातळीही बघा. गाडी सरळ उभी करून काडी पुसायची, बुडवायची आणि वाचायची. होंडा जातीच्या इंजिनात काडी आवळायची नसते, नुसती टेकवायची. आवळून मोजलं तर पातळी जास्त दिसते, म्हणजे ऑइल कमी असताना पुरेसं वाटतं.

९. ऑइल बदलताना डिझेलने इंजिन धुऊन घेऊ का? गिअर मऊ करणारं ॲडिटिव्ह मिळतं ते घालू का?

दोन्हीला नाही. डिझेल भरून इंजिन चालवलं तर बेअरिंगवरचा ऑइलचा थर जातो आणि थोडं डिझेल कोपऱ्यांत राहून नव्या ऑइलला पातळ करतं. गाडी गरम करा, नट काढा, अर्धा तास निथळू द्या, तेवढं पुरतं. ॲडिटिव्हमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि बुडीत क्लचला घर्षणच हवं असतं.

१०. गिअर लिव्हर हलतोय, कधी पडतो कधी नुसताच फिरतो. काय करू?

हा सगळ्यात स्वस्त दोष आहे आणि सगळ्यात जास्त वेळा निसटतो. लिव्हर हाताने धरा, वर-खाली हलवा आणि त्याच वेळी शाफ्टच्या टोकाकडे बघा. लिव्हर हलतो पण शाफ्ट हलत नाही, असं थोडंसुद्धा दिसलं तर लिव्हरच्या आतले बारीक दाते झिजले आहेत. पाय जेवढा दाबतो त्यातला काही भाग वाया जातो, ड्रम पूर्ण घर फिरत नाही आणि गिअर अर्धवट राहतो.

बोल्ट आवळून बघा. फट पूर्ण मिटली तरी लिव्हर सैलच असेल तर नवीन लिव्हर घ्या. शाफ्ट कठीण पोलादाचा असतो, बहुतेक वेळा लिव्हरच आधी झिजतो. पत्र्याची पट्टी घालून आवळणं घरी पोहोचण्यापुरतं ठीक. वेल्डिंग करू नका. उष्णतेने मागचं ऑइल सील जळतं आणि पुढे कधी कव्हर काढायचं म्हटलं तर लिव्हर कापावा लागतो.

लिव्हरचा कोन हाही मोठा विषय आहे. गाडी डाव्या अंगावर पडली की लिव्हर आत वाकतो, कव्हरला घासतो किंवा लेग गार्डला टेकतो. पायाला "जड" लागतं ते हेच. शिवाय चपलेत चालवणाऱ्याला जो कोन सोयीचा, तोच सेफ्टी शूज घालून कारखान्यात जाणाऱ्याला नडतो, बुटाचं टोक खाली शिरतच नाही. लिव्हर शाफ्टवरून काढून एक दाता वर किंवा खाली बसवा. पाच मिनिटांचं काम आहे.

ज्या गाड्यांत लिव्हर आणि शाफ्टच्या मध्ये सळई आणि दोन गोळीचे सांधे असतात, तिथे त्या सांध्यांतला ढिलेपणाही तपासा.

११. चेनचा आणि गिअरचा काय संबंध?

थेट संबंध. चेन फार ढिली असेल तर प्रत्येक गिअरला आधी ढिलेपणा भरून निघतो आणि मग झटका बसतो, तो गिअरबॉक्समधून आल्यासारखा वाटतो. फार घट्ट असेल तर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवर सतत ओढ राहते, बेअरिंग आणि सील जातं. साधारण १०० ते १५० सीसीच्या गाडीला मधोमध २० ते ३० मिमी खेळ ठेवा. चाक फिरवून चार ठिकाणी मोजा, जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सगळ्यात घट्ट असेल तिथलं माप धरा.

मागच्या हबमधले रबर बघायला कोणी जात नाही. चाक धरून स्प्रॉकेट (चेन बसते ते दातेरी चाक) पुढे-मागे हलवा. मोकळा खेळ लागला तर रबर चेपले आहेत. ते बदलले की खालच्या गिअरमधले धक्के निम्म्याने कमी होतात आणि खर्चही फार नाही.

१२. माझी गिअर टाकायची पद्धत चुकत असेल का?

शक्य आहे. लिव्हरला लाथ मारू नका आणि नुसता स्पर्शही करू नका. शेवटपर्यंत दाबा, क्षणभर धरा, सोडा. अर्धवट दाबून पाय उचलला की खुंट टोकावर टोक घासतात. आज नुसता आवाज येतो, काही वर्षांनी प्रश्न १५ सुरू होतो.

वर जाताना: क्लच दाबायच्या किंचित आधी लिव्हरवर हलका भार द्या. मग रेस सोडणं आणि क्लच दाबणं एकाच वेळी. गिअर आपोआप आत जातो.

खाली येताना: क्लच दाबलेला असताना रेस थोडी वाढवा, मग गिअर उतरवा. खंबाटकी किंवा कशेडीच्या उतारावर चौथ्यातून तिसऱ्यात येताना मागचं चाक चिरकतं ते ही रेस न दिल्यामुळे.

चालवताना पाय लिव्हरवर ठेवून देऊ नका. येझदीवाल्यांनी तर मुळीच नाही, कारण प्रश्न २० मध्ये आहे.

१३. क्लच न दाबता गिअर टाकले तर चालतं का?

वर जाताना, रेस अचूक सोडली तर गिअर पडतो. वायर तुटल्यावर घरी पोहोचायला ही युक्ती उपयोगी आहे. रोजची सवय म्हणून जुन्या गाडीवर नको.

१४. नव्या क्लच प्लेट्स टाकल्या, तरी न्यूट्रल लागतच नाही. आता काय?

प्लेट्स ज्या खाचांत सरकतात त्या बघितल्या का? क्लचच्या बाहेरच्या हाउसिंगला लांब बोटं असतात आणि प्लेटचे कान त्यांच्या मध्ये सरकतात. वर्षानुवर्षं एकाच जागी आदळून त्या बोटांवर कानांच्या रुंदीचे खळगे पडतात. कव्हर काढलं असेल तेव्हा बोटाच्या कडेवरून नख फिरवा. नख अडखळलं की प्लेटही तिथेच अडखळते. खळगे उथळ असतील तर बारीक कानशीने कड सपाट करता येते. खोल असतील तर हाउसिंग बदला. कानशीने जास्त घासलं तर प्लेट्स सैल होऊन खडखडतात.

पुढचा संशय पोलादी प्लेट्सवर. मेस्त्री बहुतेकदा फक्त अस्तराच्या प्लेट्स बदलतो आणि जुन्या पोलादी तशाच ठेवतो. त्या सपाट काचेवर ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवा. साधारण ०.२ मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर त्या गेल्या. निळे डाग दिसले तर त्या तापून गेलेल्या आहेत.

आणखी तीन गोष्टी विचारा. नव्या प्लेट्स बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये काही तास भिजवल्या होत्या का? कोरड्या बसवल्या तर सुरुवातीला चिकटतात. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले होते का? आणि वायर नव्याने लावली का? प्लेट्सची जाडी बदलली की जुना ढिलेपणा चालत नाही.

१५. चालत्या गाडीत रेस दिली की दुसरा गिअर सटकतो.

आधी खात्री करा की गिअरच सटकतोय. झिजलेल्या स्प्रॉकेटवरून चेन उडी मारते तेव्हाही असाच धक्का बसतो, पण गाडी गिअरमध्येच राहते. गिअर सटकला तर बुटाखाली लिव्हर उसळलेला जाणवतो आणि इंजिन मोकळं ओरडतं.

खरंच सटकत असेल आणि लिव्हर (प्रश्न १०) ठीक असेल, तर हा गिअरबॉक्सच्या आतला दोष आहे. नव्या खुंटाची कड चौकोनी आणि धारदार असते. झिजलेल्याची चघळलेल्या खडीसाखरेसारखी गोल झालेली असते, मग जोर आला की खुंट खाचेतून बाहेर घसरतो. बळी बहुतेक वेळा दुसराच गिअर जातो, कारण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना न्यूट्रल ओलांडावा लागतो आणि अर्धवट पाय तिथेच पडतो.

पायाने लिव्हर दाबून धरून गाडी चालवत राहू नका. सगळा जोर फोर्कवर जातो, फोर्क वाकतो आणि एका गिअरचा खर्च दुप्पट होतो. दुसऱ्याला टाळून पहिल्यातून थेट तिसऱ्यात जा आणि काम लवकर करून घ्या. काय काय बदलायचं ते प्रश्न २२ मध्ये.

१६. गिअर टाकल्यावर लिव्हर परत जागेवर येत नाही. हाताने उचलावा लागतो.

आत शाफ्टवर परतीची स्प्रिंग असते, ती तुटली किंवा निसटली असेल. त्याआधी बाहेरचं बघा: लिव्हर वाकून कव्हरला घासतोय का, मागे चिखल वाळून बसलाय का, शाफ्ट सीलपाशी गंजलाय का. गंज असेल तर लिव्हर काढून शाफ्ट स्वच्छ करा, बारीक पॉलिश पेपर मारा, थोडं ऑइल द्या. पावसाळ्यानंतरच्या अशा कितीतरी तक्रारी तिथेच मिटतात.

स्प्रिंगच तुटली असेल तरी घाबरू नका. बहुतेक गाड्यांत क्लचच्या बाजूचं कव्हर आणि क्लच काढून हे काम होतं, इंजिन दुभंगावं लागत नाही.

१७. गिअर वर जातात पण खाली येत नाहीत. किंवा दोन गिअरच्या मध्येच गाडी मोकळी फिरते.

ड्रमला एक घर ढकलणारा आकडा आणि ड्रमला प्रत्येक घरात धरून ठेवणारा स्प्रिंगवाला रोलर, या दोघांपैकी एक दोषी. आकड्याचं एक टोक झिजलं की एकाच दिशेला गिअर पडतात. रोलरची स्प्रिंग मरगळली की ड्रम दोन घरांच्या मध्ये थांबतो आणि खोटा न्यूट्रल लागतो. दोन्ही भाग बहुतेक गाड्यांत क्लच बाजूच्या कव्हरमागे सापडतात. हिरवा दिवा लागला नाही आणि गाडी मोकळी फिरतेय, तर तो खोटा न्यूट्रल. मात्र जुन्या गाडीत न्यूट्रल स्विचही खराब असू शकतो, दिव्यावर आंधळा विश्वास नको.

१८. आरएक्स-१०० मध्ये २टी ऑइल घालतो. गिअरसाठी वेगळं लागतं का?

हो. २टी म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं, गिअरबॉक्स आणि क्लचला त्याचा थेंबही मिळत नाही. त्यांचं ऑइल वेगळं, वेगळ्या झाकणातून. गाडी हाती आल्यापासून गिअरबॉक्सचं ऑइल कधीच न बदललेले मालक आहेत. नट काढला की काळं पाणी येतं. या गाड्या १९८५ ते १९९६ या काळातल्या, म्हणजे सील तितकेच जुने असू शकतात.

एक खूण लक्षात ठेवा. गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय, खाली ठिपका नाही आणि सायलेन्सरमधून पांढरट दाट धूर येतोय, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय. इंजिन ते ऑइल ओढून जाळतंय. गिअर जड होणं हा त्याचा पुढचा टप्पा.

१९. उजव्या गिअरच्या बुलेटला कितीही ॲडजस्ट करा, गिअर नीट बसत नाहीत. नशिबाला आलेलं आहे का?

काही अंशी. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा चार गिअरचा डबा इंजिनापासून वेगळा असतो. त्याचं ऑइल वेगळं, क्लच तिसऱ्याच डब्यात, इंजिनाचा जोर क्लचला देणाऱ्या प्रायमरी चेनबरोबर. पहिला वर, बाकीचे तीन खाली. हा डबा घाई सहन करत नाही. गिअर सोडून जरा श्वास घ्या, मग पुढचा दाबा. पल्सरच्या सवयीने चालवलं तर तो खोटे न्यूट्रल देतच राहणार.

पण सगळं नशिबावर ढकलू नका. वरचे गिअर नीट आणि खालचे नाहीत (किंवा उलट) असं असेल तर डब्याचं बाहेरचं कव्हर काढल्यावर दोन बोल्टवर सरकणारी एक पट्टी दिसते. ती किंचित सरकवून लिव्हरची चाल दोन्ही बाजूंना सारखी करायची असते. कितीतरी बुलेट या एका पट्टीसाठी बदनाम आहेत.

क्लच सुटत नसेल तर प्रायमरीचं कव्हर काढून क्लच दाबायला लावा आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेट्सना दाबून धरणारी बाहेरची प्लेट) समोरून बघा. ती वाकडी उचलली जात असेल तर स्प्रिंगचे स्क्रू कमी-जास्त करून सरळ उचलेल अशी बसवा. हे काम मिनिटांचं आहे आणि फरक आश्चर्यकारक.

टाचेने दाबायचा छोटा न्यूट्रल फाइंडर शोभेचा नाही. क्लच दाबून दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्यातून तो दाबला की थेट न्यूट्रल मिळतो. पहिल्यातून तो काम करत नाही, तेव्हा "फाइंडर बिघडलाय" म्हणण्याआधी गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे ते बघा.

२०. येझदीचा गिअर लिव्हर आणि किक एकच आहे. क्लच का जळतो वारंवार?

मैसूरच्या आयडियल जावाने बनवलेल्या या गाड्यांत गिअर लिव्हर दाबला की आतून क्लचही थोडा सुटतो, हाताचा क्लच न दाबता गिअर पडावा म्हणून. सोय छान आहे, पण त्यामुळेच लिव्हरवर पाय ठेवून चालवलं तर क्लच कायम अर्धा सुटलेला राहतो आणि प्लेट्स जळतात. पाय फूटरेस्टवर ठेवा.

ॲडजस्टमेंट करताना आधी वायर ढिली, मग आतला स्क्रू, मग वायर, हा प्रश्न ६ मधला क्रम इथे कसोशीने पाळा. आतली जुळणी चुकली की हाताने दाबलेला क्लच नीट सुटतो, पायाने मात्र नाही, आणि मग गिअर कधी मऊ तर कधी खडखडीत असा लपंडाव सुरू होतो. प्रश्न १८ मधलं क्रँक सीलचं लक्षण येझदीलाही लागू आहे.

२१. थंड गाडीत गिअर झकास. रहदारीत अडकलो किंवा घाट चढलो की जड होतात.

तापल्यावर ऑइल पातळ होतं, अर्धा क्लच धरून धरून प्लेट्स तापतात आणि वायरचा ढिलेपणाही बदलतो. म्हणून ढिलेपणा गाडी गरम असताना पुन्हा मोजा. थंडीत १० मिमी असलेला गरम झाल्यावर तेवढाच राहील असं नाही. तिथे काही सापडलं नाही तर वाकलेल्या पोलादी प्लेट्स (प्रश्न १४) हा पहिला संशय, संपत आलेलं ऑइल (प्रश्न ८) दुसरा. सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून मिनिटभर उभं राहायची सवय असेल तर ती सोडा.

२२. गिअरबॉक्स उघडायचं ठरलंच. मेस्त्रीला काय सांगू?

आधी ऑइल काढताना चुंबक फिरवा. राखाडी मऊ चिखल चिकटला तर ती नेहमीची झीज. चमकणारे कण, पोलादाची चिप निघाली तर उघडणं योग्यच.

मग हे सांगा: सटकणारा गिअर एकटा बदलायचा नाही, ज्याच्यात तो गुंततो तो जोडीदारही बदलायचा. एकाचे खुंट नवे आणि दुसऱ्याची खाच जुनी, असं केलं तर काही महिन्यांत परत तेच. त्या गिअरचा फोर्क सपाट काचेवर तपासायचा आणि त्याच्या टोकांवर निळसर जळका डाग असेल तर टाकून द्यायचा. सर्क्लिप (गिअर शाफ्टवर अडवणारी कडी), गास्केट, सील नवीन. बेअरिंग हातात फिरवून खरखर लागली तर तेही. वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवायचे आणि प्रत्येक थराचा फोटो काढायचा. एक पातळ वॉशर चुकीच्या जागी गेला की गिअर जड, आणि मग इंजिन पुन्हा खाली.

मजुरी भागांपेक्षा जास्त जाते, म्हणून उघडलंय तेव्हाच सगळं करून घ्या. भागांसाठी पुण्यात नाना पेठेत आधी कंपनीचा नवा माल विचारा. जुन्या बाजारातला वापरलेला गिअर घ्यायचाच असेल तर खुंटाची कड नखाने तपासूनच.

२३. घरात उजव्या गिअरची बुलेट आणि स्प्लेंडर दोन्ही आहेत. पाय गोंधळतो, काही उपाय?

गिअरची चूक फारतर आवाज करते, ब्रेकची चूक धोकादायक. बुलेटवर डावा पाय ब्रेकवर असतो, आणि स्प्लेंडरच्या सवयीने गिअर समजून तो दाबला तर रस्त्यातच मागचं चाक अडकतं. गाडी बदलली की निघण्याआधी उभ्या उभ्या दोन्ही पाय चार-पाच वेळा दाबून घ्या आणि गल्लीतून बाहेर पडेपर्यंत पुढच्या ब्रेकवर दोन बोटं ठेवा. शक्य असेल तर एकाच दिवसात दोन्ही गाड्या चालवू नका. आणि नवशिक्या भाच्याला बुलेट देण्याआधी अंगणात मेन स्टँडवर चारही गिअर टाकून दाखवायला सांगा.